बिळातलं भात

भातं पिवळी झाली. परवापासून आमच्या खालच्या शेतात कापणी लागलीय आणि मी घरात बसून डबे पुसतेय. हे सकाळी विचारत होते, "येत नाहीस का गं आज?" म्हटलं, "गुडघा धरलाय." गुडघ्याला काडीचंही झालेलं नाही. साठी उलटली तरी मी अजून बांधावरून धडधड चालते. मला शेतावर जायचं नाही, एवढंच.

एके काळी हा माझा वर्षातला सगळ्यात लाडका महिना होता. सकाळी दंव एवढं पडलेलं असायचं, की चालताना साडीचा काठ भिजून पोटऱ्यांना चिकटायचा. माहुलीच्या सुळक्यांवर धुकं असायचं आणि खाली शेतात विळ्यांची खर्रखर्र चाललेली असायची. मध्येच कुणीतरी बाई खणखणीत आवाजात कुणाची तरी खोडी काढायची आणि सगळी रांग हसत सुटायची. कापलेल्या भाताला एक वास असतो. ओल्या गवताचा, चिखलाचा, थोडासा दुधाचाही. मी कल्याणकडची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच कापणीत बोट कापून घेतलं होतं. सासूबाईंनी बांधावरचा दगडीपाला चुरगळून बोटावर पिळला आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाय, खडूनं भात नाय कापत." त्यानंतर तीस वर्षं मी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली, की विळा घेऊन शेतात उतरत आले.

आता मात्र भातं पिवळी व्हायला लागली, की मी शेताची वाट टाळते. चार वर्षं झाली. मला लाज वाटते. आडपडदा न ठेवता सांगायचं तर एवढंच सांगायचं आहे, पण ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आमच्याकडे भात उचलून खळ्यावर गेलं, की दोन-तीन दिवसांनी वरच्या कातकरवाडीतून बुध्या यायचा. हातात पहार, मागे टोपली घेतलेली त्याची बायको सोमी आणि त्यांच्या मागे एक तांबडं कुत्रं. बुध्या म्हणजे बुधाजी. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. पण मी त्याला "अरे बुध्या" म्हणायची आणि तो मला "बाई". गावात सगळेच त्याला असं म्हणत. शेंबडं पोर हाक मारायचं, "ए बुध्या!" यात काही चुकतंय असं मला, मुलांना आदरार्थी बहुवचन शिकवणाऱ्या बाईला, कधी वाटलं नाही.

तो अंगणाच्या कडेला उभा राहायचा. पायरी चढायचा नाही. "बाई, बिळा खनू का?"

"खण की. विचारतोस काय दरवर्षी?"

पण तो दरवर्षी विचारायचा. शेतातल्या उंदरांची बिळं खणायची म्हणजे उभ्या लोंब्या तोडून उंदरांनी खाली साठवलेलं भात काढायचं. त्यालाही शेतवाल्याची परवानगी लागते. तो बांधाशी गुडघ्यावर बसायचा. ताजी उकरलेली माती कुठे आहे ते बघायचा. बिळाची बाकीची तोंडं ढेकळांनी बुजवायचा, एकाच तोंडाशी ओला पेंढा पेटवून धूर आत फुंकायचा. मग पहार. हातभर, दोन हात खाली गेलं, की आत उंदराची कोठी सापडायची. लोंब्या एकीला एक लावून ठेवलेल्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. प्रत्येक लोंबीचं देठ दातांनी तिरकं कुरतडलेलं. विळ्याने कापलेलं देठ आणि उंदराने तोडलेलं देठ यातला फरक आंधळ्यालाही बोट लावून कळेल. सोमी लोंब्या झटकून टोपलीत भरायची. कधी अर्धी टोपली, कधी भरून सांडेल एवढ्या.

ते भात खणणाऱ्याचं. याबद्दल आमच्या गावात कधी वाद झाला नाही. सासूबाई म्हणायच्या, "उंदरानं नेला तवाच तो आपला सपला. आता ज्याच्या हातानं भायेर येल त्याचा." शेतवाल्याचे उंदीर कमी होतात आणि कातकऱ्याच्या घरात महिना-दीड महिन्याचं पोटापाण्याचं निघतं. त्यानंतर ती माणसं वीटभट्टीवर जातात ती थेट पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात.

उंदीरही ती लोकं भाजून खायची. मी नाकाला पदर लावून लांब उभी राहायची. पुढे शाळेत स्वच्छतेचा धडा घेताना मी एकदा म्हणाले होते, "काही लोक तर उंदीरसुद्धा खातात." सगळा वर्ग फिस्सकन हसला होता. दुसरीतल्या गुलाबने, बुध्याच्या लेकीने, त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मान वर केली नाही. मी ते बघितलं होतं आणि फळा पुसून पुढचा धडा घेतला होता.

माझी जीभ तिखट आहे, हे पंचक्रोशीत कुणालाही विचारा. खिचडीचे तांदूळ किडके आले म्हणून मी पोतं उघडून पंचायत समितीच्या साहेबांच्या टेबलावर ओतलेलं आहे. एसटीच्या कंडक्टरने एका म्हातारीला उतरवलं, तेव्हा मी ड्रायव्हरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले होते. सरपंच माझ्यासमोर विडी विझवतात. "बाई बोलायला लागल्या की कुत्री पण भुंकायची थांबतात," असं आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, चारचौघांत सांगायचे. मला त्याचा अभिमान होता. अजूनही असता, तर बरं झालं असतं.

ते सगळं व्हायच्या आधी कधीतरी परदेशात पोलिसांच्या हातून एक काळा माणूस मेला आणि तिथले लोक रस्त्यावर उतरले. टीव्हीवर रोज दाखवत होते. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, तिने फोनवर काय काय पाठवलं. मी ते बघून रडले, खोटं नाही सांगत. तिला मोठा मेसेज लिहिला, की माणसाचा रंग बघून, जात बघून आधीच चोर ठरवतात, तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही वाटत कसं नाही, एकानेही पुढे होऊन सांगू नये का. मुलीने उत्तरात लाल बदाम पाठवला. तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. पुसून टाकावा असं कितीदा मनात आलं, पण मुद्दाम ठेवलाय.

मग ती दिवाळीची सुट्टी आली.

सकाळी भाऊजी दारात उभे. डोळे लाल. "वहिनी, खळ्यावरनं दोन पोती गेली." झोडून, वारवून, पोत्यात भरून तोंड शिवलेलं भात. वर्षभराची मेहनत. राग येणारच, मलाही आला. दहा मिनिटांत अर्धं गाव खळ्यावर जमलं. "कोण असंल?" असं एकाने विचारलं. गंमत अशी, की कुणीच नाव घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त वर, टेकाडाकडे, वाडीच्या दिशेने बघितलं. मीही बघितलं.

खरं सांगते, वाडीतले सगळे देव नाहीत. कुणाच्या मळ्यातल्या काकड्या गेल्यात, कुणाची कोंबडी गेलीय. पण गावातल्या माणसांनी एकमेकांचे बांध रात्रीतून सरकवलेत, विहिरीवरच्या मोटारी पळवल्यात, आणि तेव्हा कुणी अख्ख्या आळीला चोर म्हटलं नाही. ज्याने केलं त्याचं नाव घेतलं. वाडीचं तसं नाही. तिथे एकाने केलं, की सगळ्यांनी केलं, आणि कुणीच केलं नाही तरी सगळ्यांनीच केलं.

दुपारी चौकीवरून हवालदार आले. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक भाऊजींचा दोस्त झाला. हवालदार मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही चला. म्हणजे कुणी बोट ठेवायला नको." मला बरं वाटलं. साडी बदलून, चष्मा घेऊन मी वर गेले.

पहिलं घर, दुसरं घर, तिसरं बुध्याचं. दाराशी वाकून आत जावं लागतं. कोपऱ्यात टोपली आणि एक फाटकं पोतं, दोन्हींत भाताच्या लोंब्या. हवालदारांनी मूठभर लोंब्या उजेडात धरल्या. "हे काय रे?"

बुध्या हात जोडून उभा होता. "बिळातला हाय सायेब. बाईंच्या शेतातला. परवाच खनला. इचारा ना बाईंना, बाई हायत की हितं."

आणि त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी तिथे होते म्हणून त्याला धीर आला होता.

मला सगळं माहीत होतं. परवाच त्याने अंगणात उभं राहून विचारलं होतं आणि मी 'खण की' म्हटलं होतं. चोरीला गेलं होतं ते झोडलेलं भात. इथे होत्या लोंब्या. देठं तिरकी कुरतडलेली, माती लागलेली. हवालदारांना एक वेळ नसेल कळलं, पण बाजूला उभे असलेले भाऊजी, त्यांचा दोस्त, दारात गर्दी करून उभी असलेली दहा-बारा माणसं, सगळी जन्मापासून भात पिकवणारी. त्यांना कळत नव्हतं? सगळे गप्प. आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर, कारण बाई बोलणार.

"काय बाई?" हवालदारांनी विचारलं.

मी म्हणाले, "आता कुठल्या बिळात कोण हात घालतं, हे बघायला मी काय उंदरांच्या मागे फिरते का?"

सगळे हसले. हवालदारही हसले. भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला ऐकू आला. मी मिठाची गुळणी धरून बसले असते, तर निदान घाबरले असं म्हणता आलं असतं. मी गप्प नव्हते. मी बोलले, आणि नेहमीसारखं झणझणीत बोलले. त्या हसण्यात बुध्याही क्षणभर हसला. त्याला वाटलं, बाई नेहमीप्रमाणे आधी गंमत करणार आणि मग खरं सांगणार. मी कागद गुडघ्यावर घेतला आणि मराठी शाळेत तीस वर्षं गिरवून घेतलेल्या वळणदार अक्षरात सही केली.

त्याला जीपमध्ये घालून नेलं. सोमी जीपमागे उतारापर्यंत धावली. मी तोपर्यंत घरी येऊन चहा टाकला होता.

तीन-चार दिवसांनी आदिवासींच्या संघटनेच्या लोकांनी जामीन करून त्याला घरी आणलं. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. विचारलं तर म्हणायचा, "पडलो." कुठे पडला, कसा पडला, गावाने विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यात शहापूरला तहसील कचेरीवर मोर्चा निघाला.

मी त्या दिवशी चष्म्याची काच बदलायला शहापुरात गेले होते. खोटं कशाला, मोर्चा आहे हे मला माहीत होतं. बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या पायरीवर मी डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिले. वाडीवाडीवरची माणसं होती. बायका पुढे, कडेवर पोरं, काहींच्या पायात चपला नव्हत्या. घोषणा द्यायची सवय नसलेल्या माणसांचा आवाज आधी खाली असतो, मग एकदम चढतो. दुकानाच्या पायरीवर आमचं वेगळंच चर्चासत्र चाललं होतं.

"रस्ता अडवून काय मिळतं यांना? गिऱ्हाईक गेलं सगळं," दुकानदार म्हणाला.

"यांना काय कळतंय? कुणीतरी गाड्या भरून आणतं नि चढवून देतं," एक पेन्शनर गृहस्थ म्हणाले. "पोलिसांनी चोराला नाही धरायचं तर काय आरती करायची?"

शेजारी एक रिक्षावाला उभा होता. तो म्हणाला, "धरा ना. पन दर टायमाला त्यांच्याच घरात कसा घुसता? माजा मोबाइल गेला तेवा शेठच्या बंगल्यात नाय कोन घुसला बघायला."

"तू गप रे. तुझ्या घरात घुसतील तेव्हा कळेल."

"घुसलेत काका. म्हनूनच बोलतोय."

पेन्शनर गृहस्थ माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तिकडच्याच ना? तुम्हीच सांगा, चोरी झाली की नाही झाली?"

"चोरी झाली," मी म्हणाले. हे खरंच होतं. अर्धं खरं किती सोयीचं असतं, ते मला त्या पायरीवर कळलं.

तेवढ्यात मोर्च्याच्या मधल्या रांगेत एक पुठ्ठा दिसला. त्यावर निळ्या शाईने लिहिलं होतं, 'बिळातलं भात चोरीचं कसं?' अक्षर ओळखीचं. 'ळ'ची गाठ घट्ट, 'भ'ला वर छोटं वळण, शब्दांवरची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. हे वळण मी लावते. पुठ्ठा धरून गुलाब चालत होती. लग्न होऊन तिकडे मुरबाडच्या बाजूला दिलेली, कडेवर मूल. तिने मला पदराआडून ओळखलं. मला वाटलं ती मान फिरवेल. तिने पुठ्ठा दोन्ही हातांनी आणखी वर धरला, मला नीट वाचता यावा म्हणून. मूल खाली घसरत होतं, तरी ती पुढे जाईपर्यंत तो तसाच धरून होती. मी चष्म्याची काच न बदलता घरी आले.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी आग लागली होती. 'गावाची बदनामी थांबवा.' 'चोर ते चोर वर शिरजोर.' 'पोलीस बांधवांचे जाहीर आभार.' एकाने भीत भीत लिहिलं, 'पण हाताला काय झालं त्याच्या?' तर त्याला वीस जणांनी झोडपलं. शेवटी भाऊजींनी लिहिलं, 'सत्य काय ते पंचांना माहीत आहे.' त्यावर मी अंगठा टाकला. साक्षरता वर्गात म्हाताऱ्या बायकांना मी सांगायची, अंगठा उठवायचा नाही, सही करायची. माझ्या नावावर आता दोन्ही आहेत.

मुलीचा फोन आला. "आई, आपल्या तालुक्यातल्या मोर्च्याचा फोटो फिरतोय. ते आपलंच गाव आहे ना? काय झालं नक्की?"

"तू शहरात राहतेस. तुला इथलं कळत नाही," मी म्हणाले.

"पण तूच मला तेव्हा लिहिलं होतंस..."

"ते वेगळं होतं."

तिने जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरेसं होतं. पण तुळशीचं लग्न झाल्यावर एक दिवस धाकटी जाऊ माझ्याकडे आली. ओट्याशी उभी राहून उगाच भांडी सरळ करत होती. मग एकदम रडायलाच लागली. "ताई, ती पोती मीच धाडली माहेरी. भावाचा टेम्पो आला होता. त्याच्याकडं यंदा काय पिकलं नव्हता. आमच्या ह्यांना सांगितला असता तर दिली नसती. वाटला, एवढ्यातून कळायचा नाय. मग दुपारी पोलीस आलं नि माझी वाचाच गेली."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. बायकोने स्वतः कापलेलं, झोडलेलं भात स्वतःच्या भावाला दिलं, याला चोरी कोण म्हणेल? ती म्हणाली, "मी सांगू का ह्यांना? चौकीवर जाऊन सांगू का?" ती सांगायला तयार होती. मार खाईन, माहेर तुटलं तर तुटेल, पण सांगते, म्हणत होती.

मीच तिला गप्प केलं. "वेडी आहेस का? आता बोललीस तर घराण्याचं हसं होईल. भाऊजी तुला उभी जाळतील. केस काय, निघून जाईल दोन महिन्यांत. डोळे पूस." मी तिला साखर-पाणी दिलं आणि मागच्या दाराने पाठवलं. घराण्याचं हसं हे तोंडाने म्हणाले. मनात होती माझी सही.

केस दोन महिन्यांत गेली नाही. चार वर्षं बुधाजी तारखांना जात राहिला. वीटभट्टीवरून एका दिवसासाठी शहापूर कोर्टात यायचं, व्हरांड्यात दिवसभर बसायचं, पुढची तारीख घेऊन परत जायचं. भट्टीवाल्याने म्हणे दुसऱ्या वर्षी त्याला कामावरून काढलं, चोरीची केस आहे म्हणून. आमच्या शेतात तो पुन्हा आला नाही. वाडीतलं कुणीच कुणाच्या शेतात बिळं खणायला आलं नाही. उंदीर वाढले. हे म्हणाले, औषध टाकू. औषध टाकलं, एक मांजर मेली, उंदीर आहेतच. रस्त्यात समोरून वाडीतली माणसं आली, की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. पुढे निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळ्यांनी माझ्या परखडपणावर भाषणं केली. माझ्या गळ्यात हार होता आणि खाली वाडीतली चार मुलं पुढच्या ओळीत टाळ्या वाजवत होती.

या वर्षी गणपतीच्या आधी साक्षीचं समन्स आलं. भाऊजी घरी आले, चहा घेतला, म्हणाले, "वहिनी, काय नाय, सही माझी म्हनायचा नि उतरायचा." हेही म्हणाले, "कशाला उगाच लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस? जे लिहिलंय तेवढंच बोल." एकदा जावेकडे गेले. तिला म्हटलं, "मी बोलणार आहे. तुझं नाव घेणार नाही, पण बिळाचं बोलणार." ती म्हणाली, "घ्या ना नाव. चार वर्षं मी तरी कुठं झोपलेय?" आज हे लिहितेय तेही तिला विचारून.

कोर्टात सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. "ही सही तुमची?"

"माझी."

"पंचनामा तुमच्यासमोर झाला?"

"झाला." इथे मी खाली उतरू शकत होते. लाकडी कठड्याला धरून म्हणाले, "पण साहेब, ते भात चोरीचं नव्हतं. माझ्या शेतातल्या उंदरांच्या बिळातलं होतं. मीच त्याला खणायला सांगितलं होतं. लोंब्या बघितल्या बघितल्या मला कळलं होतं."

कुणीतरी मागे खाकरलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "मग तेव्हा का सांगितलं नाहीत?"

भीती वाटली म्हणावं, तर मी कुणाला भीत नव्हते. कळलं नाही म्हणावं, तर आत्ताच कळलं होतं म्हणून सांगितलं होतं. खरं कारण एवढंच होतं, की त्या झोपडीत एका बाजूला बुधाजी होता आणि दुसऱ्या बाजूला माझी माणसं, आणि मला माझ्या माणसांनी हसून बघावं असं वाटत होतं. हे कोर्टात कसं सांगायचं? साहेबांनी थोडा वेळ वाट बघितली, मग टंकलेखकाला सांगितलं, "लिहा, साक्षीदार कारण सांगू शकत नाही."

नवरात्रात निकाल लागला. बुधाजी सुटला. ग्रुपवर माझं नाव न घेता 'घरभेदी' असं लिहून आलं, त्यावर पुष्कळ अंगठे पडले. दसऱ्याला भाऊजी सोनं द्यायला आले नाहीत, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. काही जण वाटेत थांबून हळूच म्हणतात, "बाई, बरं केलंत." मला ते ऐकवत नाही. चार वर्षं उशिरा सांगितलेल्या खऱ्याचं कौतुक कसलं? मुलीला मात्र सगळं कळवलं, सुरुवातीपासून, जावेला गप्प केलं तेही. तिने वाचलं, एवढं दिसलं. अजून उत्तर आलेलं नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, तो निकाल नाही की ग्रुप नाही. साक्ष देऊन मी कोर्टाच्या आवारात आले, तेव्हा चिंचेखाली बुधाजी आणि सोमी बसलेली होती. आत काय झालं ते वकिलांनी त्यांना सांगितलेलं असणार. मला बघून तो उठला. म्हातारा झालाय. चपला काढल्या, दोन पावलं पुढे आला आणि माझ्यासमोर हात जोडले.

"बाई, तुमचं लय उपकार झालं."

मला म्हणायचं होतं, बुधाजी, मला माफ करा. मी मनात ते म्हटलंही, अहो-जाहो करून. पण तेवढ्यात सोमी उठली. तिने त्याचे जोडलेले हात मनगटाशी धरले आणि खाली ओढले.

"हात कुनाला जोडतो?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तिला त्याच दिशी ठावं होता. घाल चपला. चल, गाडी सुटंल."

त्याने चपला घातल्या. दोघं स्टँडकडे निघाली. मलाही त्याच गाडीने गावाला यायचं होतं. मी ती गाडी जाऊ दिली.